होगन स्टँडवाला होगन

डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ८२ हजारांवर माणसं बसतात. आयर्लंडमधलं हे सगळ्यात मोठं मैदान. दरवर्षी गेलिक फुटबॉलची ऑल आयर्लंड फायनल इथेच होते आणि जिंकलेल्या टीमचा कॅप्टन ज्या स्टँडच्या पायऱ्या चढून सॅम मॅग्वायर कप उचलतो, त्याचं नाव आहे होगन स्टँड. टीव्हीवरचे कॉमेंटेटर हे नाव दिवसातून पन्नास वेळा घेतात. आपल्याला वाटेल, कुणीतरी मोठा खेळाडू असणार, नाहीतर देणगीदार, नाहीतर मंत्री.

तसं काहीच नाही. मायकेल होगन हा एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. तो डिफेन्समध्ये खेळायचा. त्याच्या नावावर कुठला मोठा विक्रम नाही. याच मैदानावर मॅच चालू असताना पोलिसांच्या गोळीबारात तो मेला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. म्हणजे हे पान वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या वयाचाच.

होगनचा जन्म १८९६ चा. गाव ग्रेंजमॉकलर, काउंटी टिपरेरी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा म्हणा. गावाच्या जवळ स्लीवनामन नावाचा डोंगर, आजूबाजूला शेती आणि थोडं पुढे गेलं की किल्केनी काउंटीची हद्द. ही हद्द लक्षात ठेवा, कारण गेलिक फुटबॉलमध्ये सगळा खेळच हद्दीचा आहे.

तो कसा, ते आधी सांगते. आयर्लंडच्या बेटावर ३२ काउंट्या आणि चार प्रांत. अल्स्टरमध्ये नऊ, लेन्स्टरमध्ये बारा, मन्स्टरमध्ये सहा, कॉनाक्टमध्ये पाच. खेळाडू आपल्या गावच्या क्लबकडून खेळतो आणि चांगला खेळला तर आपल्या काउंटीकडून. लिलाव नाही, मोठ्या पैशांचं कॉन्ट्रॅक्ट नाही. आजही काउंटीच्या टीममधला मुलगा आठवडाभर शाळेत शिकवतो, बँकेत बसतो किंवा गाई बघतो, आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला जातो. काउंट्यांमध्ये आधी प्रांताची चॅम्पियनशिप होते. चार प्रांतांचे चार चॅम्पियन ऑल आयर्लंडसाठी एकमेकांशी भिडतात, ही मूळ रचना. १८८७ ची पहिली स्पर्धा प्रांतांशिवाय झाली होती, १८८८ पासून प्रांत आले ते आजपर्यंत आहेत.

आता होगनचं गाव बघा. ग्रेंजमॉकलर टिपरेरीत, म्हणजे मन्स्टरमध्ये. थोडं पूर्वेला किल्केनी, म्हणजे लेन्स्टर. किल्केनीत सगळं जग हर्लिंगचं, म्हणजे काठीने खेळायच्या दुसऱ्या गेलिक खेळाचं. फुटबॉलला तिथे फारसं कुणी विचारत नाही. होगन काही मैल पलीकडे जन्मला असता तर फुटबॉलर म्हणून त्याचं नाव कुणाला कळलंच नसतं. तो जन्मला अलीकडे, जिथे फुटबॉल होता.

खेळ साधारण असा: दोन्हीकडे पंधरा-पंधरा जण, गोल चेंडू. हाताने पकडता येतो, लाथेने मारता येतो, पण पकडून पळत सुटता येत नाही, दर चार पावलांनी चेंडू जमिनीवर आपटायचा किंवा पायावरून परत हातात घ्यायचा. गोलपोस्ट एच अक्षरासारखी. खाली जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. आडव्या दांड्याच्या वरून गेला तर सहसा एक. म्हणून स्कोअर १-६ असा लिहितात, म्हणजे एक गोल आणि सहा पॉइंट, एकूण नऊ. पहिल्यांदा वाचताना माझंही डोकं फिरलं होतं.

या खेळाची संघटना, गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, १ नोव्हेंबर १८८४ ला स्थापन झाली, तीही टिपरेरीतल्याच थर्ल्स गावच्या एका हॉटेलात. ब्रिटिशांचे क्रिकेट आणि रग्बी सगळीकडे पसरत असताना आपले खेळ आपण खेळायचे, ही त्यामागची भावना. त्यामुळे होगन ज्या वयात मैदानात उतरला, तेव्हा हा खेळ नुसता खेळ राहिला नव्हता. १९१८ मध्ये सरकारने फर्मान काढलं की मॅच घ्यायची तर परवाना लागेल. संघटनेने उत्तर म्हणून ४ ऑगस्टच्या रविवारी दुपारी तीन वाजता देशभर एकाच वेळी मॅचेस लावल्या, परवान्याशिवाय. हजारो जण एकदम मैदानात. सगळ्यांना पकडणार कसं? तो दिवस गेलिक संडे म्हणून ओळखला जातो.

होगन गावच्या क्लबमधून टिपरेरीच्या टीममध्ये आला. त्याचबरोबर तो आयरिश व्हॉलंटियर्समध्येही होता, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांच्या संघटनेत, आणि शेवटच्या काळात आपल्या भागातल्या तुकडीचा कॅप्टन झाला होता. तेव्हा हे वेगळं काही मानलं जात नव्हतं. ज्या पोरांबरोबर रविवारी खेळायचं, त्यांच्याबरोबरच रात्री रस्ता अडवायला जायचं. त्याचा भाऊ डॅन तर या लढ्यात बराच पुढे गेला आणि स्वतंत्र आयर्लंडच्या लष्कराचा प्रमुख झाला.

१९२० साली आयर्लंडमध्ये युद्धच चालू होतं. ब्रिटिशांनी ब्लॅक अँड टॅन्स आणि ऑक्झिलरी नावाने माजी सैनिकांची भरती करून पोलिसांच्या मदतीला पाठवली होती. ही बातमी थेट हिंदुस्थानापर्यंत पोचली. त्या जूनमध्ये जालंधरच्या छावणीत ब्रिटिश लष्करातल्या कॉनाक्ट रेंजर्सच्या आयरिश शिपायांनी घरी चाललेल्या अत्याचारांच्या निषेधात बंड केलं. त्यांच्यातला जेम्स डेली याला २ नोव्हेंबर १९२० ला हिमाचलमधल्या डगशाईत गोळ्या घालण्यात आल्या. तिकडे त्याच महिन्यात होगन डब्लिनच्या मॅचची तयारी करत होता.

या धामधुमीत चॅम्पियनशिपची गाडी अडकली होती. लेन्स्टरमध्ये डब्लिन चॅम्पियन झालं होतं, पण मन्स्टरची स्पर्धा पूर्णच होईना. रेल्वे बंद, रस्ते अडवलेले, खेळाडू तुरुंगात. टिपरेरीला वाटत होतं की आपण डब्लिनपेक्षा भारी आहोत, पण ते दाखवायचं कुठे? प्रांत जिंकल्याशिवाय डब्लिनशी अधिकृत गाठच पडणार नाही. मग त्यांनी सरळ वर्तमानपत्रातून डब्लिनला आव्हान दिलं. डब्लिनने घेतलं. तारीख ठरली २१ नोव्हेंबर, रविवार, जागा क्रोक पार्क. तिकिटाचे पैसे तुरुंगातल्या क्रांतिकारकांच्या कुटुंबांना जाणार होते.

मला इथे नेहमी अडखळायला होतं. ही मॅच कुठल्याही स्पर्धेची नव्हती. मन्स्टरची चॅम्पियनशिप वेळेवर झाली असती तर ही मॅच कदाचित झालीच नसती.

शनिवारी टीम ट्रेनने निघाली. डब्यात ब्रिटिश सैनिकांशी मारामारी झाली. डब्लिनला उतरल्यावर आपल्याला पकडतील अशी भीती होती, म्हणून खेळाडू एका जागी न राहता पांगले. होगन एका ओळखीच्या पबमध्ये झोपला. सकाळी उठून त्याने काय खाल्लं, काय विचार केला, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि मी ते बनवून सांगणार नाही.

त्याच सकाळी डब्लिनमध्ये मायकेल कॉलिन्सच्या माणसांनी एकाच वेळी वेगवेगळ्या घरांत शिरून ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या लोकांना मारलं. मेलेल्यांची संख्या डझनाच्या वर. शहर हादरलं. आता सूड घेतला जाणार हे सगळ्यांना कळत होतं. मॅच रद्द करा, असा निरोप संघटनेच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत आलाही होता. पण रद्द केली तर सकाळच्या हत्यांशी आपला संबंध आहे असं दिसेल, शिवाय एवढी गर्दी एकदम बाहेर काढताना चेंगराचेंगरी होईल, असा विचार झाला. हजारो लोक आत आले होते. मॅच अर्धा तास उशिरा, सव्वातीनच्या सुमारास सुरू झाली.

मैदानावरून एक विमान घिरट्या घालून गेल्याचं लोकांनी नंतर सांगितलं. दहाएक मिनिटं खेळ झाला असेल. मग पोलिसांच्या लॉऱ्या आल्या. कागदावरचा बेत असा होता की मैदान वेढायचं आणि बाहेर पडणाऱ्या पुरुषांची झडती घ्यायची. प्रत्यक्षात आत शिरता शिरताच गोळीबार सुरू झाला. तो चालला जेमतेम दीड मिनिट. आपल्याकडे जालियनवाला बाग होऊन दीड वर्षच झालं होतं.

होगन त्या दिवशी डब्लिनच्या फ्रँक बर्कला मार्क करत होता. गोळ्या सुरू झाल्यावर खेळाडू गवतावर आडवे पडले. होगन आणि बर्क सरपटत कडेकडे जायला लागले. एकमेकांना अडवणारे दोघं, आता शेजारी शेजारी सरपटत होते. होगनला गोळी लागली. मूळचा वेक्सफर्डचा, मॅच बघायला आलेला थॉमस रायन नावाचा तरुण त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून त्याच्या कानात प्रार्थना म्हणत होता. त्यालाही गोळी लागली आणि तोही गेला.

एकूण १४ माणसं मेली. त्यात खेळाडू एकटा होगन. बाकीचे सगळे प्रेक्षक. जेन बॉयल २६ वर्षांची होती, होणाऱ्या नवऱ्याबरोबर मॅच बघायला आली होती, पाच दिवसांनी लग्न होतं. जेरोम ओलीरी दहा वर्षांचा. विल्यम रॉबिन्सन अकराचा. जॉन विल्यम स्कॉट चौदाचा. टिपरेरीच्या बाकीच्या खेळाडूंना एका बाजूला उभं करून झडती घेतली, आणि आता आपल्यालाही मारणार असं त्यांना वाटलं. त्या रात्री डब्लिन कॅसलमध्ये ताब्यात असलेले आणखी तिघं मारले गेले. या दिवसाला ब्लडी संडे म्हणतात.

सरकारने चौकशी केली, पण बंद दाराआड. गोळीबार आदेशाशिवाय झाला आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त होता, असा निष्कर्ष त्या चौकशीतच निघाला होता. ते कागद दाबून ठेवले गेले आणि २००० साली लोकांसमोर आले. ८० वर्षांनी! तोवर जवळच्या लोकांपैकी कोण राहिलं असणार?

होगनचा देह ट्रेनने टिपरेरीला आला. ग्रेंजमॉकलरमध्ये त्याला त्याच्या फुटबॉलच्या कपड्यांतच पुरलं.

आता त्या अडकलेल्या चॅम्पियनशिपचं काय झालं? ती सोडून दिली नाही, हे मला सगळ्यात विशेष वाटतं. युद्ध चालू राहिलं, जुलै १९२१ मध्ये शस्त्रसंधी झाली, आणि १९२० ची मन्स्टर फायनल १९२२ मध्ये खेळली गेली. टिपरेरीने केरीला हरवलं. मग सेमी फायनलमध्ये मेयोला. ११ जून १९२२ ला ऑल आयर्लंड फायनल, समोर पुन्हा डब्लिन, जागा पुन्हा क्रोक पार्क. टिपरेरी १-६, डब्लिन १-२. जी गोष्ट सिद्ध करायला दीड वर्षापूर्वी ही पोरं ट्रेनमध्ये बसली होती, ती आता रीतसर सिद्ध झाली, होगनशिवाय. त्यानंतर १७ दिवसांनी आयर्लंडमध्ये यादवी युद्ध सुरू झालं. टिपरेरीने फुटबॉलमध्ये त्यानंतर ऑल आयर्लंड जिंकलेलं नाही.

याच दशकात क्रोक पार्कच्या नव्या स्टँडला होगनचं नाव दिलं गेलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख कदाचित लिहिला नसता. १९३५ ला टिपरेरीने आणखी एकदा मन्स्टर जिंकलं आणि मग ८५ वर्षं काहीच नाही. १९३६ ते २०१९ या काळात मन्स्टरचा चॅम्पियन एकतर केरी, नाहीतर कॉर्क. अपवाद फक्त एक, १९९२ मध्ये क्लेअर. म्हणजे सहा काउंट्यांची स्पर्धा, पण खरी दोघांची. लेन्स्टरमध्ये तर २०११ पासून डब्लिनने लागोपाठ १४ वेळा ट्रॉफी नेली. त्यामुळे आयर्लंडमध्ये गेली कित्येक वर्षं एक वाद जोरात आहे: या प्रांतीय चॅम्पियनशिप ठेवायच्या कशाला? अल्स्टरमध्ये नऊ टीम आणि घासून चुरस, मन्स्टरमध्ये सहा टीम आणि निकाल आधीच ठरलेला. लंडन आणि न्यूयॉर्कच्या टीम कॉनाक्टमध्ये खेळतात, ही तर आणखी गंमत. एखाद्या लहान काउंटीने वर्षभर घाम गाळायचा आणि पहिल्याच मॅचला केरीकडून वीस पॉइंटने मार खायचा. त्यापेक्षा लीगसारखे गट करा, सारख्या ताकदीच्या टीम एकमेकांशी खेळू देत. मुद्दा बिनतोड आहे. आपल्या कॉलेजच्या टीमला दरवर्षी पहिल्याच राउंडला त्याच चॅम्पियन कॉलेजशी खेळायला लावलं तर आपणही हेच म्हणू.

आणि मग २०२० आलं. ब्लडी संडेची शंभरी. कोविडमुळे सगळं वेळापत्रक ढासळलं, स्पर्धा हिवाळ्यात गेली आणि सरळ नॉकआउट झाली, हरला की घरी. ८ नोव्हेंबरला कॉर्कने केरीला एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटच्या क्षणी गोल मारून बाहेर काढलं. दुसऱ्या बाजूने टिपरेरी, लीगमधली तिसऱ्या डिव्हिजनची टीम, लिमरिकविरुद्ध हरता हरता वाचून फायनलला आली.

२१ नोव्हेंबरच्या शनिवारी रिकाम्या क्रोक पार्कमध्ये १४ मशाली पेटवल्या, १४ नावं वाचली. लगेच त्याच मैदानावर लेन्स्टर फायनल झाली. डब्लिन ३-२१, मीथ ०-९. म्हणजे ३० विरुद्ध ९. प्रांतीय चॅम्पियनशिप बंद करा म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगला पुरावा काय मिळणार?

दुसऱ्या दिवशी कॉर्कमध्ये मन्स्टर फायनल. टिपरेरीची नेहमीची जर्सी निळी-सोनेरी. त्या दिवशी मात्र ते पांढऱ्या-हिरव्या जर्सीत उतरले, १९२० च्या त्या मॅचला होगनच्या टीमने घातलेल्या रंगांत. कोलिन ओरिओर्डन हा टिपरेरीचा मुलगा ऑस्ट्रेलियात सिडनी स्वान्सकडून तेव्हा प्रोफेशनल फुटबॉल खेळायचा. सुट्टीत घरी आलेला, क्लबची परवानगी मॅचच्या काही दिवस आधी मिळाली, आणि तो एक पैसा न घेता उतरला. कॅप्टन कॉनर स्वीनी. स्टँड रिकामे. टिपरेरी ०-१७, कॉर्क ०-१४. मी हे नंतर यूट्यूबवर बघितलं. शिट्टी वाजल्यावर प्रेक्षकांचा आवाजच नाही, फक्त खेळाडूंचा ओरडा ऐकू येतो. अंगावर काटा येतो.

त्याच दुपारी अल्स्टरमध्ये कॅव्हनने डोनेगलला धक्का दिला. कॉनाक्ट मेयोकडे होतं. चार प्रांतांचे चार चॅम्पियन: डब्लिन, कॅव्हन, मेयो, टिपरेरी. १९२० च्या चॅम्पियनशिपचे चार चॅम्पियनही हेच होते. आणि सेमी फायनलच्या जोड्याही त्याच, डब्लिन-कॅव्हन आणि टिपरेरी-मेयो. स्क्रिप्ट लिहून आणली असती तर आपणच म्हटलं असतं, काहीही काय!

यावर कुणी म्हणेल की हा योगायोग आहे आणि योगायोगावर स्पर्धा चालवत नाहीत. बरोबर आहे. सेमी फायनलमध्ये मेयोने टिपरेरीवर ५-२० असा ढिगारा ओतला आणि टिपरेरीचे ३-१३ झाले. डब्लिनने कॅव्हनला सहज उडवलं. पुढच्याच वर्षी टिपरेरी लीगमध्ये चौथ्या, म्हणजे शेवटच्या डिव्हिजनला घसरली. मन्स्टर परत केरीकडे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये संघटनेने या प्रश्नावर खास अधिवेशन घेतलं. प्रांतीय स्पर्धा ऑल आयर्लंडपासून तोडून वसंत ऋतूत ढकलायची आणि मुख्य चॅम्पियनशिप लीगच्या धर्तीवर घ्यायची, असा प्रस्ताव होता. बाजूने ८५ मतं, विरुद्ध ८३. पण मंजुरीला ६० टक्के लागत होते, म्हणून बारगळला. पुढे मधला मार्ग निघाला: दुबळ्या काउंट्यांसाठी टेल्टन कप नावाची वेगळी स्पर्धा, वरच्या सोळांसाठी गट, आणि प्रांताची फायनल गाठणाऱ्याला त्या सोळांत पक्की जागा. प्रांत राहिले, पण त्यांचं वजन कमी झालं.

मला स्वतःला सुधारणावाल्यांचं गणित पटतं. तरीही मी मतदान करणाऱ्यांत असते तर त्या ८३ जणांत गेले असते. राष्ट्रीय ट्रॉफी टिपरेरीसारख्या टीमच्या आवाक्यात नसते, आणि तिसऱ्या डिव्हिजनचा कप जिंकला म्हणून गावात कुणी मशाल पेटवत नाही. त्या दोन्हीच्या मधली जी पायरी आहे, शेजारच्या काउंटीला हरवून मिळणारी, तिच्यासाठीच होगनच्या टीमने ते आव्हानाचं पत्र लिहिलं आणि त्याच्या मित्रांनी १९२२ पर्यंत वाट बघितली.

लेन्स्टरची डब्लिनची साखळी २०२५ मध्ये तुटली. सेमी फायनलमध्ये मीथने त्यांना हरवलं आणि ११ मे रोजी क्रोक पार्कमध्ये लाऊथने मीथला. लाऊथ ही क्षेत्रफळाने आयर्लंडमधली सगळ्यात लहान काउंटी. २०१० मध्ये याच मीथविरुद्ध याच फायनलला एका चुकीच्या गोलमुळे त्यांच्या हातून ट्रॉफी गेली होती. त्यांनी शेवटचं लेन्स्टर जिंकलं होतं १९५७ मध्ये.